मदत हवी आहे: पगचा ड्राय आय, तीन आठवडे मलम लावूनही डोळा कोरडाच

टिपूचं_घर

नमस्कार. कुत्रा पग, वय ७ वर्षं, वजन ९ किलो, राहणं नाशिकला.

गेले तीन महिने दोन्ही डोळ्यांत घट्ट, पिवळट-हिरवी चिपडं येतात, पुसायला गेलं तर तार निघते. अँटिबायोटिक थेंब चालू असले की जरा कमी होतात, बंद केले की चार दिवसांत परत. उजव्या डोळ्याची चमक गेली आहे आणि बुबुळावर नाकाच्या बाजूने तपकिरी डाग सरकत येतोय.

शर्मर चाचणीत (पापणीत कागदी पट्टी ठेवून अश्रू मोजतात) उजवा डोळा ४ मिमी, डावा ९ मिमी. फ्लुरोसीन (बुबुळावरची जखम दाखवणारा रंग) टाकून पाहिलं, जखम नाही. निदान ड्राय आय. आता सायक्लोस्पोरिन ०.२% मलम दिवसातून दोनदा आणि कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५% थेंब (कृत्रिम अश्रू) चार वेळा चालू आहेत. २१ दिवस झाले, चिपडं जवळपास तेवढीच.

औषध लागू पडत नाहीये असं समजायचं का? घरात डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) असलेले जुने थेंब आहेत, त्यांनी लाली लगेच उतरते. ते मध्ये मध्ये टाकले तर चालतील का?

पशुवैद्य_सातारा

आधी डेक्सामेथासोनचं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. टाकू नका. कोरड्या डोळ्याला जखम कधी होईल सांगता येत नाही. जखमेवर स्टेरॉइड पडलं तर ती भरत नाही, उलट खोल जाते. पगचे डोळे आधीच बाहेर आलेले, त्यामुळे बुबुळ एकदोन दिवसांत फुटल्याच्या केसेस येतात. फ्लुरोसीन २१ दिवसांपूर्वी स्वच्छ होतं म्हणून आजही असेल असं नाही.

आता मलमाचं. २१ दिवसांत निकाल लावू नका. बहुतेक कुत्र्यांत हा आजार असा होतो: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर चालून जाते. सायक्लोस्पोरिन तो हल्ला थोपवतं, मग उरलेली ग्रंथी हळूहळू कामाला लागते. त्याला ४ ते ६ आठवडे लागतात, काहींत ८ ते १२. तोवर डोळा ओला ठेवायचं काम तुमच्या थेंबांचं आहे.

आकडे असे वाचा: मिनिटाला १५ मिमी किंवा जास्त म्हणजे ठीक, १० ते १५ संशयास्पद, १०च्या खाली आजार, ५ आणि त्याखाली गंभीर. उजवा गंभीर गटात आहे, पण ४ म्हणजे ग्रंथीत अजून जीव आहे. शून्य किंवा १ वर आलेल्या डोळ्यांपेक्षा अशा डोळ्यांकडून कितीतरी जास्त आशा असते.

चिपडांबद्दल गैरसमज फार आहे. अश्रूंमधलं पाणी आटलं की बुळबुळीत भाग तेवढा उरतो आणि साचतो, त्यात जंतू वाढतात. अँटिबायोटिक जंतू कमी करतं, पाणी आणत नाही. म्हणून थांबवलं की परत तेच.

दोन प्रश्न. त्रास सुरू व्हायच्या आधी सल्फा (अँटिबायोटिकचा एक प्रकार) असलेलं औषध दिलं होतं का? आणि नाकपुड्या ओल्या आहेत ना?

औषधपेटी

थेंबांच्या बाजूने थोडं. उजव्या डोळ्याला चार वेळा पुरणार नाही, सुरुवातीला जागेपणी दर २-३ तासांनी लागतात. पण इतक्या वेळा टाकायचे तर बाटलीवर घटक वाचा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असेल तर ते परिरक्षक (थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं रसायन) स्वतःच बुबुळाचा वरचा थर दुखावतं. परिरक्षक नसलेले, एकेका वापराच्या छोट्या कुप्यांतले थेंब घ्या. सोडियम हायलुरोनेटवाले डोळ्यावर जास्त वेळ टिकतात, रात्री जेल चांगलं.

सायक्लोस्पोरिन बदलून माणसांचे ०.०५% थेंब आणू नका. नाव तेच असलं तरी कुत्र्याला ती ताकद बहुधा कमी पडते.

लॅब्राडोरवाली

औषध बरोबर असूनही काम होत नाही, त्यात बऱ्याचदा लावण्याची पद्धत चुकलेली असते. क्रम असा ठेवा.

कोमट निर्जंतुक सलाइनमध्ये गॉज भिजवून पापण्यांवर मिनिटभर धरा, चिपडं मऊ झाली की आतून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा गॉज. कापूस नको, तंतू डोळ्यात राहतात. वाळलेलं चिपड ओढून काढू नका, खालची त्वचा सोलते. मग कृत्रिम अश्रूंचा एक थेंब. दुसरा टाकला तर गालावरच जातो. १० मिनिटं थांबा आणि मलम शेवटी. मलम आधी लावलं तर त्याचा तेलकट थर पाण्याचे थेंब आत जाऊच देत नाही. चिपडांवरच मलम फासलं तर ते चिपडांबरोबर पुसलं जातं, ही चूक सगळ्यात जास्त होते.

मलम तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढं, खालची पापणी किंचित ओढून आत. नळीचं टोक डोळ्याला टेकू देऊ नका. कुत्र्याला समोरून जाऊ नका, मागे बसून हनुवटी वर उचला आणि हात डोक्यावरून आणा. आणि पगच्या मानेची कातडी मागे खेचून धरू नका, डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. गळ्यात पट्ट्याऐवजी हार्नेस.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, काजळ यातलं काहीही डोळ्यात नको.

टिपूचं_घर

मनापासून आभार. हो, चार महिन्यांपूर्वी लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम-सल्फा दहा दिवस दिलं होतं! दोन्ही नाकपुड्या ओल्या आहेत. आणि मलम आम्ही थेंबांच्या आधी लावत होतो.

पशुवैद्य_सातारा

सल्फाची गोष्ट तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा. ही औषधं काही कुत्र्यांत अश्रुग्रंथीला इजा करतात. कधी औषध थांबल्यावर अश्रू परत येतात, कधी नाही. पगला एरवीही हा आजार होतो, त्यामुळे दोष सल्फाचाच असं इथून म्हणता येणार नाही. पण फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘सल्फा देऊ नये’ लिहून घ्या.

नाक ओलं आहे म्हणजे मज्जातंतूमुळे होणारा प्रकार वाटत नाही. त्यात त्याच बाजूची नाकपुडी कोरडी पडते आणि खाण्यातून पायलोकार्पिन देतात. तुम्हाला कोणी ते सुचवलं तर आधी कारण विचारा.

तपकिरी डागाकडे वेगळं लक्ष हवं. पगमध्ये नाकाकडची खालची पापणी आत वळलेली असते, नाकावरच्या घडीचे केसही बुबुळाला घासतात. असं असेल तर अश्रू वाढूनही डाग पसरत राहील आणि पापणीची छोटी शस्त्रक्रिया लागेल. शिवाय पुष्कळ पग डोळा अर्धा उघडा ठेवून झोपतात. रात्री टॉर्च न मारता पाहा. फट दिसली तर झोपण्यापूर्वी जाड जेल घालायलाच हवं.

पंखा किंवा कूलर तोंडावर नको, उदबत्ती-धूप दुसऱ्या खोलीत.

औषधपेटी

१२ आठवडे नीट लावूनही आकडा हलला नाही तर पुढची पायरी डॉक्टरांशी बोलून टॅक्रोलिमस ०.०३% किंवा १-२% ताकदीचं सायक्लोस्पोरिन. दोन्ही प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून लावताना हातमोजे घाला, नाहीतर लगेच हात धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर लावायचं काम दुसऱ्यावर द्या. आणि आकडा सुधारला तरी स्वतःहून बंद करू नका. हे बहुतेकांना जन्मभर लागतं, सोडलं की हल्ला पुन्हा सुरू.

टिपूचं_घर

समजलं. फेरतपासणी सहाव्या आठवड्यात आहे. त्या सकाळी औषध द्यायचं की नाही?

पशुवैद्य_सातारा

मलम नेहमीच्या वेळी द्या, चाचणी त्यानंतर २-३ तासांनी होऊ दे. मलम चालू असताना किती अश्रू येतात तेच मोजायचं आहे. कृत्रिम अश्रू मात्र आधीचे दोन तास नकोत. तिथे गेल्यावर शर्मर पट्टी सगळ्यात आधी लावायला सांगा, फ्लुरोसीन आणि बधिर करणारे थेंब नंतर. दोन्ही डोळ्यांचे आकडे तारखेसह लिहून ठेवा.

मधल्या काळात डोळा अचानक मिटून धरला, पंजाने चोळायला लागला किंवा बुबुळावर निळसर-पांढरा ढग दिसला, तर सहाव्या आठवड्याची वाट पाहू नका. डोळा चोळता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी संरक्षक कॉलर घाला आणि त्याच दिवशी दाखवा. रात्र झाली असेल तर रात्रीच.