मदत हवी आहे: ७.५ मीटरच्या पलीकडची भिंत टीओएफ कॅमेऱ्याने कशी मोजायची?

नमस्कार मंडळी,

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमच्या मामांचा जुना वाडा आहे. दुरुस्ती सुरू होण्याआधी दिवाणखान्याचं त्रिमितीय मोजमाप करून ठेवायचंय, म्हणून टाइम-ऑफ-फ्लाइट (टीओएफ) कॅमेऱ्याचं, म्हणजे प्रकाशाच्या जाण्यायेण्यावरून अंतर काढणाऱ्या कॅमेऱ्याचं, मॉड्यूल आणलं. कमानी, झोपाळा, सगळं झकास येतं. पण टोकाची भिंत टेपने ९ मीटर भरते आणि कॅमेरा ती १.५ मीटरवर दाखवतो. बरं, चित्र फाटलेलं वगैरे नाही. भिंत स्वच्छ, सपाट, फक्त झोपाळ्याच्या अलीकडे येऊन उभी!

कारण कळतंय. इन्फ्रारेड प्रकाश २० मेगाहर्ट्झने कमीजास्त होतो आणि परतलेली लाट किती मागे पडली (म्हणजे फेज), ते प्रत्येक पिक्सेल ०, ९०, १८० आणि २७० अंशांच्या चार नोंदींवरून काढतो. जाऊन-येऊन १५ मीटर झाले की फेज पुन्हा शून्य. म्हणजे ७.५ मीटरनंतर मोजणी नव्याने सुरू.

मग फ्रीक्वेन्सी १५ वर उतरवू का? १० मीटरपर्यंत निभेल. शिवाय खोलीचे कोपरे काटकोनात न येता गोलसर येतात, त्याचं काय?

प्रतिसाद १

१५ चालेल, पण फेजमधला तेवढाच नॉइज, म्हणजे मोजणीतली थरथर, अंतरात जास्त दिसेल. मॉड्यूलला जमत असेल तर २० आणि ३० दोन्हींवर घ्या. ३० ची मर्यादा ५ मीटर, तिथे तुमची भिंत ४ मीटरवर दिसेल. आता २० म्हणते १.५, ९ किंवा १६.५, ३० म्हणते ४, ९ किंवा १४. जुळतं फक्त ९. ही जोडी १५ मीटरपर्यंत फसत नाही.

कोपऱ्यांचं दुखणं वेगळं. एका भिंतीवरून दुसरीवर उडून आलेला प्रकाश लांबच्या वाटेने येतो आणि थेट आलेल्यात मिसळतो. पिक्सेल दोन्हींची मिळून एकच फेज काढतो, त्यामुळे अंतर जास्त भरतं. चुन्याच्या पांढऱ्या भिंती असतील तर विचारूच नका. कोपरा मोजू नका. दोन्ही भिंतींच्या मधल्या भागावर प्रतलं बसवा आणि ती छेदतात तिथे कोपरा धरा.

धागाकर्ता

चुन्याच्याच आहेत! जोडी लावून बघतो. आणखी एक, सागवानी खांबांवर नॉइज फार येतो, दुपारी तर जास्तच. एक्स्पोजर वाढवू?

प्रतिसाद २

दुपारी नको. उन्हातही इन्फ्रारेड असतो, पिक्सेल त्यानेच भरून जातात. दिवेलागणीनंतर घ्या आणि मग वाढवा. फक्त जवळच्या पांढऱ्या वस्तूंवरचे पिक्सेल सॅच्युरेट होत, म्हणजे पूर्ण भरून जात, नाहीत ना, तेवढं बघा.