एएमई (विमान मेंटेनन्स) सेकंड इयर, रोज ठाणे ते नेरूळ लोकल: टूल्ससाठी पेटी घ्यावी की बॅग?

कोपरीकर_बी१

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी एएमई करतोय, बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनची विमानं, सेकंड इयर. राहतो कोपरीत आणि इन्स्टिट्यूट नेरूळला, म्हणजे रोज ठाण्याहून दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बर लोकल. आता प्रॅक्टिकलचे तास वाढलेत आणि सरांनी सांगितलंय की बेसिक हँड टूल्स शक्यतो आपापली आणा, वर्कशॉपमधली सगळ्या बॅचला पुरत नाहीत. तर गेल्या सहा महिन्यांत थोडी थोडी करून जमवलीत, पाव इंची ड्राइव्हचा रॅचेट आणि सॉकेट, कॉम्बिनेशन स्पॅनर, तीन-चार स्क्रू ड्रायव्हर, बिट्स (स्क्रू ड्रायव्हरची बदलती टोकं), पक्कड, कटर, लॉकवायर प्लायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात ती तार पिळायला), इन्स्पेक्शन मिरर, पेन मॅग्नेट, टॉर्च, कानस, सगळं मिळून पस्तीसेक नग होतात.

घरी बाबांची जुनी पत्र्याची पेटी आहे, उघडली की दोन्हीकडे कप्पे पायऱ्यांसारखे पसरतात ती. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत फिटर होते, बावीस वर्षं त्यांनी ती वापरली, त्यामुळे माझी मनापासून इच्छा आहे की तीच न्यावी. पण टूल्स भरून रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली तर ११ किलो भरली. सकाळच्या गर्दीत हातात धरून उभं राहिलं की तिचे कोपरे लोकांच्या पायाला लागतात, दोनदा लगेजच्या डब्यातून गेलो पण रोज ते जमणार नाही.

दुसरं म्हणजे मागच्या आठवड्यात माझा एक बिट सापडेना. क्लास सुटायची वेळ झालेली, सरांनी कोणालाच सोडलं नाही, चाळीस मिनिटं सगळे शोधत होतो आणि शेवटी तो इंजिन स्टँडच्या खालच्या ट्रेमध्ये निघाला. कोणी ओरडलं नाही पण मला रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून वाटतंय की नुसतं वाहून न्यायचा प्रश्न नाहीये. बजेट तीन-चार हजार. खांद्याची टूल बॅग, एकावर एक बसणारे प्लास्टिकचे बॉक्स, कॅनव्हासचा रोल, काय घेऊ?

घोडबंदर_गॅरेज

मित्रा मी गाड्यांचं काम करतो, विमानाचं नाही, तरी सांगतो. पाठीवरची टूल बॅग घे, आतून सगळीकडे खिसे असलेली आणि तळाला कडक प्लास्टिक असलेली, म्हणजे प्लॅटफॉर्मवर ठेवली तरी खालून ओली होत नाही. घरी जाऊन गाडी बघायची असली की मी तीच नेतो, दोन्ही हात मोकळे राहतात, लोकलमध्ये पुढे छातीवर घेता येते. पत्र्याची पेटी रोज वाहून खांदा जाईल तुझा. चेन मात्र जाडी बघून घे, सगळ्यात आधी तीच जाते.

खारघर_नाईटशिफ्ट

लाइन मेंटेनन्सला आहे, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या वेळात विमानं तपासायचं काम, बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घोडबंदरवाल्या भाऊंचं गॅरेजसाठी बरोबर आहे, गाडीत एखादा पाना राहिला तर ती खडखड करेल, थांबून काढता येईल. आपल्याकडे थांबता येत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या ए३८० चं इंजिन बोरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, तपासलं आणि ते फिरवायला वापरलेलं सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं टूल आतच राहिलं. टूल परत आलेलं नाही हे कळलेलं होतं, तरी हरवलेल्या टूलची प्रोसिजर सुरू न करताच विमान सोडलं गेलं. ते ३४ फ्लाइट्स आणि जवळपास २९४ तास उडालं, टूल सापडलं १ जानेवारी २०२४ ला. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोचा अहवाल आहे, वेळ काढून वाच. सव्वा मीटरचं टूल राहू शकतं तर तुझा बिट कोण बघणार? तुझ्या सरांनी सगळ्यांना थांबवलं ते अगदी योग्य केलं आणि तुला झोप लागली नाही हे चांगलं लक्षण आहे.

म्हणून विकत घेताना एकच बघ, उघडल्यावर श्वास घेईपर्यंत कळलं पाहिजे की काय जागेवर नाही. खोल बॅगेत ते कळत नाही, टूल टूलखाली लपतं. आम्ही शॅडो फोम वापरतो, वरचा थर काळा आणि खालचा पिवळा किंवा लाल, टूलच्या आकाराचा खड्डा कापलेला, टूल उचललं की खालचा रंग डोळ्यात भरतो. घरी करता येतो, क्राफ्टच्या दुकानात दोन रंगांची ईव्हीए शीट मिळते, फेविकॉल एसआरने चिकटव आणि वास पूर्ण जाईपर्यंत उघडं राहू दे. टूल ठेवून पेनाने आखायचं, नवीन ब्लेडने कापायचं, बोट जायला बाजूला अर्धगोल ठेवायचा. साधा स्पंज वापरू नकोस, तो तेल आणि दमट हवा पितो आणि नंतर त्याचे तुकडे पडतात, म्हणजे एफओडी (विमानाला इजा करू शकणारी नको ती वस्तू) तूच घेऊन फिरतोयस. हा फोम एका चपट्या हार्ड केसमध्ये बसव, लॅपटॉपच्या बॅगेएवढी पुरते.

आणि मोठं काही घेऊ नकोस. नोकरीला लागल्यावर बहुतेक ठिकाणी टूल्स कंपनीच्या स्टोअरमधून सहीवर मिळतात, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) तर कॅलिब्रेशनमुळे तिकडचाच घ्यायचा, स्वतःची टूल्स आत न्यायची तर त्यांचीही नोंद लागते. तेव्हा चाकांची भली मोठी ट्रॉली घरात धूळ खात पडेल.

ऐरोलीची_बी२

मी बी२ ला (विमानाचं इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स) आहे, सध्या ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं ट्रेनिंग चालू. वरच्या दादांचं मोजणीबद्दलचं शंभर टक्के पटतं पण स्टुडंटला फोमची घाई करू नये असं माझं मत आहे. मी फर्स्ट इयरला खूप हौसेने फोम कापला, दोन रात्री घालवल्या, आणि सहा महिन्यांत निम्मी टूल्स बदलली. स्वस्तातल्या सॉकेटचं क्रोम पापुद्र्यासारखं निघायला लागलं, ते पापुद्रे काम करताना कुठेही पडू शकतात म्हणून टाकूनच द्यावे लागले, नवीन सेट लांबीला वेगळा, मग खड्ड्यात काही बसेना.

त्यानंतर आमच्या इथल्या ताडपत्री शिवणाऱ्या काकांकडून जाड कॅनव्हासचा रोल शिवून घेतला. प्रत्येक टूलला एकच खिसा, खिशावर मार्करने साइझ, आणि वरून झाकायची पट्टी जरूर शिवून घे, नाहीतर रोल उलटा धरला की सगळं बाहेर. आतलं कापड पिवळं लावलं, म्हणजे रिकामा खिसा लगेच दिसतो, तुमच्या शॅडो फोमसारखंच झालं की. गुंडाळून साध्या कॉलेज बॅगेत जातो, गर्दीत कोणाला लागत नाही. खोटं का बोलू, रोलचेही त्रास आहेत. स्टँडवर चढून काम करताना पसरायला जागा नसते, आणि पावसाळ्यात ओला कॅनव्हास तसाच गुंडाळून ठेवला तर चार दिवसांत पक्कडीवर तांबूस डाग. मी जून ते सप्टेंबर रोज रात्री तो उलगडून पंख्याखाली ठेवते.

बिट्स मात्र रोलमध्ये नकोच. त्यांना भोकं पाडलेली छोटी डबी घे, दहा भोकं दहा बिट्स, अकरावा विकतच घ्यायचा नाही. लॉकवायरच्या छाटलेल्या तुकड्यांसाठी फिरकीच्या झाकणाची वेगळी बरणी ठेव, ते तुकडे बोटात घुसतात आणि जमिनीवर दिसतही नाहीत.

घोडबंदर_गॅरेज

हे टूल मोजायचं आमच्यात कोणी शिकवलंच नाही, वाचून बरं वाटलं, आजपासून पोरांना गाडी द्यायच्या आधी टूल्स मोजायला लावतो. गंजाचं म्हणाल तर आम्ही पेटीत कापराच्या दोन वड्या कापडात बांधून ठेवतो आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा टूल्सना तेलाचा पातळ हात मारतो. आणि भावा बाबांची पेटी विकू नकोस हां, तिला घरी जागा दे.

कोपरीकर_बी१

सगळ्यांचे मनापासून आभार. काल इन्स्टिट्यूटमध्ये विचारलं, लॉकर मिळतो पण छोटा, पेटी त्यात बसत नाही. मग असं ठरवलंय की ताई म्हणतात तसा पिवळ्या आतल्या कापडाचा रोल शिवून घेतो, बिट्सची डबी आणि वायरची बरणी वेगळी. कानस, हातोडी असली रोज न लागणारी जड टूल्स लॉकरमध्ये. फोम नोकरीच्या वेळी बघू. बाबांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी पेटीचं झाकण उघडून दाखवलं, आतल्या बाजूला त्यांनी खिळ्याने ओरखडून टूल्सची यादी केलेली आहे, एकोणीस नग. मी इतकी वर्षं ती पेटी बघतोय पण ते अक्षर कधी वाचलंच नव्हतं. आता माझी यादी रोलच्या झाकणपट्टीवर लिहिणार आणि निघायच्या आधी रोज वाचून मोजणार.

एकच राहिलं, टूल्सवर नाव घालायचं का? आणि स्पॅनर माझ्याकडे सगळे मिलिमीटरमधले आहेत, ते चालतील ना?

खारघर_नाईटशिफ्ट

नाव नको, नंबर घाल. इलेक्ट्रिक एन्ग्रेव्हरने, रोलमधल्या खिशावर तोच नंबर. स्टिकर लावू नकोस, तो सुटून पडतो. स्क्रू ड्रायव्हरवर कोरताना मुठीवर कोर, दांड्यावर नाही.

मिलिमीटरचे बाजूला ठेव, बोईंग काय आणि एअरबस काय, बहुतेक फास्टनर इंचातच भेटतील. एएन३ बोल्टला (एएन हे विमानाच्या बोल्टचं स्टँडर्ड, पुढचा आकडा जाडीचा) ३/८ चा स्पॅनर लागतो, एएन४ ला ७/१६, एएन५ ला १/२. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे इंचाचे सुटे स्पॅनर मिळतात, अख्खा सेट घ्यायची गरज नाही. रोल शिवायला टाकायच्या आधी जा म्हणजे खिशांची मापं नीट देता येतील. शनिवारी सकाळी गेलास तर बरं, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.