'डेंजर' म्हणजे नेमके किती? सातारा-सांगलीकरांचे अनुभव

आपल्याकडे अवघड पेपर, वेगवान गोलंदाज आणि झणझणीत रस्सा या सगळ्यांनाच 'लय डेंजर' म्हटले जाते आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु हाच शब्द कोणी जिवाच्या काळजीने उच्चारतो, तेव्हा ऐकणाऱ्याला त्यापुढचे वाक्यही हवे असते: कशामुळे, केव्हा आणि मग करायचे काय. ते पुढचे वाक्य मिळाल्यामुळे निभावले, किंवा न मिळाल्यामुळे अडचण झाली, असे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस आकाराचे वळण लागते, ते डेंजर असल्याचे मी लहानपणापासून ऐकत होतो. पण गाडी शिकताना शेजारच्या काकांनी त्याचे कारण सांगितले. उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंजिनचा अटकाव उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापले की धरेनासे होतात, म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. आजही त्या उतारावर माझा हात आपोआप गिअरकडे जातो.

सांगली, गावभाग

पावसाळ्यात आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न 'आयर्विनला किती फूट?' हाच असतो. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते आणि त्या पुराची खूण आमच्या गल्लीत घरोघरी ठाऊक होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले, तेव्हा अनेकांनी त्याच खुणेवर भिस्त ठेवली आणि 'त्या वेळी इथवर आलं होतं, याच्यावर काय येतंय' असे म्हणत सामान त्या खुणेच्या जरा वर रचून ठेवले. माझे सासरे मात्र कोयनेतून किती विसर्ग चालू आहे, हे दर काही तासांनी विचारून घेत होते. सांगलीत पाऊस उघडला तरी वरून सोडलेले पाणी अजून वाटेतच असते, हे त्यांनी आम्हाला बसवून समजावले आणि घरात पाणी शिरण्यापूर्वीच सगळ्यांना विश्रामबागला नातेवाइकांकडे नेले. त्या वर्षी आयर्विनपाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेले.

सांगली, नदीकाठची वस्ती

वरच्या अनुभवाला एक जोड द्यावीशी वाटते. धोका पातळी ४५ फूट असली, तरी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर यांसारख्या सखल भागांतील कुटुंबांना त्याआधीच घर सोडावे लागते. त्यामुळे 'अजून धोका पातळी गाठलेली नाही' हे वाक्य शहरासाठी खरे असले, तरी आमच्यासाठी घातक ठरू शकते. आपल्या उंबऱ्याला पाणी कोणत्या फुटाला लागते, तो आकडा प्रत्येक घराने लिहून ठेवावा, असे मला कळकळीने वाटते.

तासगाव तालुका, द्राक्षबागायतदार

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. फवारणीला येणाऱ्या माणसांना दुकानदार पुष्कळदा 'हे काही डेंजर नाही' एवढेच सांगून मोकळा होतो, परंतु हिरवा त्रिकोण म्हणजे विष कमी, विष नाही असे नव्हे. आमच्याकडे एका भावकीतल्या मुलाला फवारणीनंतर मळमळ आणि गरगर सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी सर्वांत आधी औषधाचा डबा मागितला, कारण त्यातील घटक कळल्यावर उपचार नेमका करता येतो. तेव्हापासून फवारणी झाली तरी निदान त्या दिवशी रिकामा डबा आम्ही कुलपात जपून ठेवतो.

पाटण तालुका

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आमच्या आजीने पाहिला होता आणि तेव्हापासून हादरा बसला की अंगणात पळायचे, हे आमच्या अंगवळणी पडले आहे. डोंगराविषयी मात्र असे शिक्षण कोणी दिले नव्हते. जुलै २०२१ मध्ये मिरगाव आणि आंबेघर येथे दरडी कोसळून माणसे गेली, त्यानंतर आमच्या वाडीत जाणती मंडळी नेमके बोलू लागली: उतारावर नवी भेग दिसली, झाडे कलली किंवा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर रात्र असली तरी खाली थांबायचे नाही.

शिराळा तालुका, आरोग्यसेविका

नाग सर्वांनाच डेंजर वाटतो. मी गावोगाव मण्यारीविषयी अधिक बोलते, कारण ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते आणि घरचे लोक मुंगी-किडा समजून पुन्हा झोपी जातात. काही तासांनी पापण्या जड होऊ लागतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास अडतो. म्हणून पावसाळ्यात झोपेतून उठलेला माणूस पोट दुखते किंवा डोळे उघडत नाहीत असे म्हणाला, तर दंशाची खूण शोधत बसू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. सर्पदंशावरचे प्रतिविष (ज्याला लोक 'सापाची लस' म्हणतात) असलेल्या सरकारी दवाखान्यात तडक न्यावे आणि वाटेतच फोन करून कळवावे.