प्रकल्पाच्या वह्या आणि विजयदुर्गाचा हेलियम

शाळेतल्या प्रकल्पाच्या वह्या झेरॉक्सवालाच तयार करतो, मुलं फक्त नाव घालतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. खरंच आहे. आमच्या देवगड तालुक्यातही तेच. एकदा तर पाच वह्यांत शुद्धलेखनाची एकच चूक सापडली. पण माझ्या मते गोम विषयात आहे. 'किल्ल्याची माहिती लिहा' म्हटल्यावर पोर दुसरं काय करणार?

मी आठवीला प्रश्नच बदलून दिला: हेलियम वायूचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, हे खरं का? किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे', म्हणजे ग्रहण बघायला आलेल्या इंग्रज साहेबाच्या नावाचे चौथरे आहेत, त्यामुळे पोरांची छाती आधीच फुगलेली. अट एकच, प्रत्येक वाक्यापुढे 'हे कुठून कळलं' ते लिहायचं. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाने 'गुगल' लिहिलं! गुगल म्हणजे वाचनालयाचं दार, आतलं पुस्तक कुठलं ते सांगा, हे गळी उतरवण्यात अख्खा तास गेला.

पुढे तारखा जुळेनात. हेलियमचा शोध ज्याच्याशी जोडतात त्या 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. मग इथे आला कोण? एका मुलीनेच शोधून काढलं: लॉकियर विजयदुर्गाला आला होता, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. माणूस खरा, जागा खरी, घोळ तीस वर्षांचा.

गावातले एक काका माझ्यावर जाम उखडले, "किल्ल्याचा मान घालवलात." पोरगी म्हणाली, "काका, ग्रहण बघायला तो इथेच आला ना!"