पॅशन फ्रूटचा वेल फुलतो, पण फळ धरत नाही: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातील आमच्या परसात पिवळ्या पॅशन फ्रूटचा एकच वेल मांडवावर चढवला आहे. वाढ जोमदार आहे आणि फुलेही भरपूर येतात, परंतु ती फळ न धरताच गळून पडतात.

पिवळ्या जातीचे फूल दुपारच्या सुमारास उमलून रात्री मिटते, त्यामुळे परागीभवनाला जेमतेम काही तास मिळतात. शिवाय ही जात सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही. तिला वेगळ्या रोपाचे पराग लागतात, आणि ते पोहोचवण्याचे काम लहान मधमाश्यांपेक्षा मोठे काळे भुंगे चांगले करतात (वासे पोखरतात म्हणून ज्यांना आपण हाकलून देतो, तेच). याच वेलाची फांदी लावून उपयोग नाही, कारण ते रोप मूळ वेलासारखेच निपजणार. म्हणून बियांपासून वाढवलेला दुसरा वेल लावावा, असे मला वाटते. बेळगाव परिसरात असे रोप खात्रीने कोठे मिळेल? तोवर दुपारी ब्रशने पराग लावायचे झाल्यास ते कोणत्या वेलावरून आणावेत?

दुसरी शंका छाटणीची. फळे नव्या फुटव्यांवर धरतात आणि पाण्याने भिजलेले पराग निकामी होतात. तेव्हा आमच्याकडच्या मुसळधार पावसात बहर येऊ नये, यासाठी छाटणी कोणत्या महिन्यात करावी?

जांभळी जात बहुधा स्वपरागाने फळते आणि तिला थंड हवा मानवते. आपल्या भागात ती कोणी लावली असल्यास अनुभव अवश्य कळवावा.