अजिंक्यतारा कागदावर उतरत नाही, सराव कसा करावा?

शाहूपुरीकर: रोज अर्धा तास मिळतो. गच्चीतून साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला दिसतो, पण काढला की सुळकाच होतो. झाडाचा तर कोबीचा गड्डा! फोटोवरून बरं जमतं, समोर बघून नाही. नेमकं काय करू?

काळाकातळ: फोटोत सगळं आधीच सपाट झालेलं असतं, म्हणून सोपं वाटतं. प्रत्यक्षात उंची डोळ्यात भरते आणि रुंदी आपण अंदाजाने ठोकतो. आधी मोजा. हात ताठ, एक डोळा मिटलेला. पेन्सिलीचं टोक ते अंगठा एवढ्यात किल्ल्याची उंची धरा आणि ती आडवी किती वेळा बसते ते पाहा. कोपर वाकलं की माप बदलतं, घोळ बहुतेक तिथेच होतो. माथा आणि दोन्ही टोकांच्या खुणा केल्याशिवाय रेघ ओढू नका.

उतारही एका दमात खाली येत नाही. कातळाच्या आडव्या थरापाशी तुटतो, मग सैलावतो, परत तुटतो. हे कोन धरलेत की सुळका जातो.

गावातून किल्ला दक्षिणेला आहे. सकाळी ऊन डावीकडून, चारनंतर उजवीकडून येतं, तेव्हा घळी उठून दिसतात. हिवाळ्यात भर दुपारी समोरचा उतार सावलीत असतो, नुसती बाह्यरेषाच मिळते.

पारंबी: झाडाला पानांपासून हात घालू नका. डोळे बारीक करून उजेडाचे आणि सावलीचे मोठे ठिगळ तेवढे काढा, मधून आभाळ दिसणाऱ्या फटी कोऱ्या सोडा. कोबी होतो तो या फटी बुजवल्यामुळे. फांदी फुटते तिथे बारीक होते, मध्येच नाही. सुटी पानं फक्त कडेला.

अर्ध्या तासात आधी दोन-दोन मिनिटांची पाच चित्रं, मग उरलेल्या वेळात एकच वस्तू. जास्वंद घ्या, पण तिरकी धरून: जवळच्या पाकळ्या आखूड दिसतात, आणि पुढे आलेल्या नळीच्या टोकाला पाच ठिपके असतात ते मोजून काढा.

शाहूपुरीकर: आणि पावसाळ्यात?

काळाकातळ: कागद सर्दावतो, कडक पेन्सिल त्यात रुतते आणि खोडरबराने पापुद्रे निघतात. २बी किंवा ४बी अशी मऊ पेन्सिल वापरा, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. जलरंग तासभर वाळत नाहीत, तेव्हा बॉलपेन बरं.

पारंबी: कासच्या फुलांच्या पठारावर गेलात तर पायवाटेवरूनच काढा. फूल तोडायचं नाही आणि नेमकी जागा मिळावी म्हणून तेरड्यात बसायचंही नाही!