आयरिश शिकताना आधी क्रियापदे की शब्दयोगी अव्यये?

प्रश्न (गॉलवेवासी):
मी आयर्लंडमधील गॉलवे शहरात प्रौढांसाठीच्या आयरिश भाषेच्या वर्गाला जातो. वाक्याचा आरंभ क्रियापदाने करण्याची सवय आता झाली आहे. मात्र सर्वनामे पोटात घेतलेली 'अगम, अगत, एग्ये, एकी' (माझ्याकडे, तुझ्याकडे, त्याच्याकडे, तिच्याकडे) ही शब्दयोगी अव्यये तोंडपाठ असूनही ऐन बोलताना त्यांतले कोणते वापरावे हे सुचत नाही. आधी ही रूपे पक्की करावीत, की अनियमित क्रियापदांकडे वळावे?

उत्तर (व्याकरणप्रेमी):
कोष्टके बाजूला ठेवून पूर्ण वाक्ये पाठ करावीत, असे माझे ठाम मत आहे. आयरिशमध्ये मालकी सांगणारे स्वतंत्र क्रियापद नाही आणि आपलेही काम 'आहे'वरच भागते, त्यामुळे 'ता कार अगम' म्हणजे 'माझ्याकडे गाडी आहे' हे आपल्याला सहज उमगते. भूक, तहान, राग, दुःख मात्र तिथे माणसाच्या 'वर' असतात: 'ता ऑक्रस ऑरम' म्हणजे मला भूक लागली आहे, आणि क्षमा मागायची ती 'ता ब्रोन ऑरम' असे म्हणून. अव्यय बदलले की अर्थही पालटतो. 'इस फ्यार ल्युम' म्हणजे 'मला हे अधिक आवडते', तर 'इस फ्यार दम' म्हणजे 'मी असे केलेलेच बरे'. अशा जोड्या वहीत शेजारी शेजारी लिहाव्यात.

उत्तर (डब्लिनकर):
वरील मताशी मी सहमत आहे, तरी क्रियापदे लांबणीवर टाकू नयेत. अनियमित क्रियापदे 11च आहेत, पण येणे, जाणे, करणे, खाणे, पाहणे ही रोजची सगळी त्यांतच येतात. आपण 'जातो'चे 'गेलो' करतो, तसा तिथेही धातू बदलतो. शिवाय नकारात तो पुन्हा बदलतो, म्हणून 'खूअ मे' (मी गेलो) आणि 'नी यखा मे' (मी गेलो नाही) एकत्रच शिकावे. होकारासाठी स्वतंत्र शब्द नसल्याने उत्तरातही क्रियापदच परत येते, त्यामुळे प्रश्नोत्तरांचा सराव सर्वांत उपयोगी पडतो.

उत्तर (मायबोली_कोर्क):
एक भर घालतो. 'घोडा'चे 'घोड्यावर' होताना आपले सामान्यरूप शब्दाच्या शेवटी दिसते. आयरिशमध्ये बदल आरंभी होतो. 'बौर्ड' म्हणजे टेबल, पण टेबलावर म्हणताना 'एर अन मौर्ड'. आयर्लंडच्या उत्तरेकडील डोनेगॉलमध्ये या 'म'च्या जागी 'व' ऐकू येतो, तेव्हा गोंधळून न जाता आपल्या शिक्षकांची बोली धरून ठेवावी. 'त्यांगलन' या संकेतस्थळावर अल्स्टर, कॉनॉट आणि मन्स्टर या तिन्ही बोलींतील उच्चार ऐकता येतात.